चिटणिसाची लेखणी आणि राज्यकृत्य : तंजावरच्या बृहदीश्वर शिलालेखाचे एक वाचन

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात, नैर्ऋत्येकडील भिंतीवर, देवनागरी अक्षरांत कोरलेला प्रदीर्घ मराठी लेख शके १७२५, म्हणजे इ. स. १८०३ मधला आहे. दुसऱ्या सरफोजी राजाच्या आज्ञेवरून त्याचा चिटणीस बाबूराव याने तो सिद्ध केला. भोसले कुळाच्या मूळपुरुषांपासून थेट सरफोजीपर्यंतचा वृत्तान्त त्यात आला आहे. मराठी अभ्यासविश्वात या लेखाकडे आजवर प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले गेले. इतिहाससंशोधकांनी त्यातील तिथी, नातीगोती आणि लढाया पारखून घेतल्या. अस्मितेच्या अंगाने लिहिणाऱ्यांनी कावेरीकाठी कोरलेल्या या अवाढव्य मराठी लेखाचा गौरव केला. दोन्ही वाचने आपापल्या जागी ठीक आहेत. परंतु शिलालेख हे एक कथन आहे, त्याला निवेदक आहे, त्याने गृहीत धरलेला श्रोता आहे, आणि सांगण्यासाठी त्याच्यापुढे अत्यंत अडचणीचा मजकूर आहे, या बाजूने त्याचा विचार क्वचितच झाला. हा अडचणीचा मजकूर म्हणजे राजसत्तेची हिंसा. गादीवरून खाली ओढलेले राजे, तोतये ठरवलेले वारस आणि परक्या फौजांच्या बळावर फिरवलेले अधिकार यांचा इतिहास एखाद्या राजघराण्याने स्वतःच्याच तोंडून सांगायचा, तर तो कसा सांगायचा?

या प्रश्नाला तौलनिक साहित्यात एक विलक्षण समांतर उपलब्ध आहे. पाराग्वाईचे कादंबरीकार आउगुस्तो रोआ बास्तोस यांची 'यो एल सुप्रेमो' ही कादंबरी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक एकोणिसाव्या शतकातील पाराग्वाईचा हुकूमशहा होसे गास्पार रोद्रीगेस दे फ्रान्सिया; परंतु लेखक स्वतः स्वदेशाबाहेर राहत होता आणि मायदेशी जनरल स्ट्रोएस्नर यांची १९५४ मध्ये सुरू झालेली लष्करी राजवट चालू होती, ती पुढे १९८९ पर्यंत टिकली. कादंबरीच्या आरंभी राजधानीतील कॅथीड्रलच्या दारावर एक पत्रक ठोकलेले सापडते. हुकूमशहाच्याच अक्षरात आणि त्याच्याच भाषेत त्यात फर्मावलेले असते की मरणोत्तर त्याच्या प्रेताची विटंबना करावी आणि त्याच्या चाकरांना फासावर द्यावे. हे अक्षर कोणाचे, याचा शोध हुकूमशहा आपला लेखनिक पातिन्यो याच्यावर सोपवतो आणि त्यालाच आपला अखंड जाबही सांगत सुटतो. सांगणारा धनी, लिहून घेणारा चाकर, आणि दोघांच्या मध्ये डगमगणारे सत्य अशी या कादंबरीची रचना आहे.

देवालयाच्या दारावरचा कागद आणि देवालयाच्या भिंतीवरचा दगड! साम्य इथवरच ओढून थांबले तर ते केवळ चमत्कृतीचे ठरेल. तंजावरचे राज्य ही आधुनिक अर्थाने लष्करी हुकूमशाही नव्हती, आणि बाबूराव चिटणीस हे कादंबरीतील पात्र नव्हे. तुलनेचा उपयोग निराळा आहे. रोआ बास्तोस यांनी एक गोष्ट उघड केली : निरंकुश सत्ता आपल्या हिंसेबद्दल मौन पाळते ही समजूत अपुरी आहे, ती बोलते, पुष्कळ बोलते, आणि बोलता बोलता कर्त्याची जागा बदलते. तंजावरचा दगड वाचताना नेमके हेच ध्यानात ठेवावे लागते.

पेचप्रसंग १७३६ ते १७३९ या काळातला. तुकोजी १७३६ मध्ये वारला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत गादीवर त्याचा पुत्र बावासाहेब ऊर्फ दुसरा एकोजी, त्याची विधवा सुजानबाई, मग पहिल्या सरफोजीचा पुत्र म्हणवणारा सवाई शहाजी आणि शेवटी तुकोजीचाच दुसरा पुत्र प्रतापसिंह अशी चार माणसे येऊन गेली. टिकला तो एकटा प्रतापसिंह. या उलथापालथीचे सूत्र किल्लेदार सय्यद याच्या हाती होते. सवाई शहाजीला फ्रेंच आणि इंग्रज कागदांत 'काटुराजा' म्हणतात. तमिळमध्ये 'काडु' म्हणजे रान, तेव्हा हा रानातला राजा. त्याने गादी मिळवण्याच्या खटपटीत पाँडिचेरीच्या द्युमाला कारैक्काल देऊ केले आणि १७३९ मध्ये चंदासाहेबाच्या मध्यस्थीने फ्रेंचांनी ते घेतले. एका घरातील भाऊबंदकीने एका युरोपीय वखारीला बंदर मिळवून दिले, ते असे.

शिलालेखापुढची कोंडी इथे उघडी पडते. ज्या सरफोजीच्या आज्ञेने लेख कोरला जात होता तो तुळजाजीचा दत्तक पुत्र. तुळजाजी प्रतापसिंहाचा पुत्र. म्हणजे प्रतापसिंहाचे राज्यारोहण निर्मळ ठरले नाही तर पुढचे सारेच डळमळते. परंतु प्रतापसिंह गादीवर आला तो राजे बसवणाऱ्या आणि उठवणाऱ्या त्या किल्लेदाराच्या कारस्थानांच्या माळेतच. लेखाच्या दृष्टीने सय्यद हा खलपुरुष, आणि खलपुरुषाच्या करणीतूनच आजचा वंश उभा राहिलेला. चिटणिसाने यावर काढलेला तोडगा कथनदृष्ट्या मोठा चतुर आहे. हिंसा त्याने लपवली नाही. ती एका माणसाच्या दुष्टाव्यात आणि दुसऱ्याच्या तोतयेपणात गोळा केली. राज्य, गादी, कुल या गोष्टी त्यामुळे हिंसेच्या कर्त्या उरतच नाहीत. हिंसा त्यांच्यावर बाहेरून आलेले संकट ठरते. प्रतापसिंहाने पुढे सय्यदाचा काटा काढला, तेव्हा हे वर्तुळ पुरे झाले. खलपुरुषाबरोबर त्या राज्यारोहणाचा मुख्य साक्षीदारही गेला.

'तोतया' ही मराठी राजकीय कल्पनेतील एक अत्यंत सोयीची कोटी आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरणाऱ्या इसमाला पुण्यात १७७६ मध्ये देहान्त मिळाला, न. चिं. केळकरांनी त्या प्रकरणावर पुढे 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. तोतया खरा की खोटा हा प्रश्न साक्षीपुराव्याचा असतो असे आपण मानतो. काटुराजाचे प्रकरण काही निराळेच सांगते. १७४९ मध्ये इंग्रज कंपनीने त्याच्या बाजूने तंजावरवर फौज धाडली, तेव्हा तो कंपनीच्या लेखी न्याय्य वारस होता. तंजावरच्या मुलखातून कोणी त्याच्या बाजूला आले नाही. दुसऱ्या मोहिमेत मेजर लॉरेन्सने देवीकोट्टै घेतले, ते कंपनीकडे राहिले. प्रतापसिंहाने वारसाला पोटापुरती नेमणूक द्यावी आणि कंपनीने त्याला आवरून धरावे असे ठरले. बंदर हाती आल्याबरोबर न्याय्य वारसाचा हक्क नेमणुकीएवढा उरला. दगडावरचा चिटणीस आणि ही हकीकत आपल्या युद्धेतिहासात सांगणारा रॉबर्ट ऑर्म यांची बाजू भिन्न आहे, पण एका बाबतीत दोघे एकमताचे आहेत : खरेखोटेपण जन्मावर ठरत नसून जो शेवटी गादीवर राहिला त्याच्यावर ठरते. फरक इतकाच की ऑर्मला ते लपवावेसे वाटत नाही.

याच वर्षांचा आणखी एक साक्षीदार आहे. पाँडिचेरीचा दुभाषी आनंदरंग पिळ्ळै याची तमिळ रोजनिशी १७३६ मध्येच सुरू होते. व्यापाऱ्याच्या नजरेने रोज ऐकलेली वार्ता रोज टिपणारे हे लेखन उद्या काय होणार हे जाणत नाही. आज राजा असलेला महिन्याभराने तोतया ठरेल याची कल्पना रोजनिशीला नसते, म्हणून तिच्यात अस्थिरतेची धग शिल्लक राहते. शिलालेखाला शेवट ठाऊक आहे. राजकीय अस्थिरतेचे वर्णन करणारे लेखन आणि अस्थिरतेवर पडदा टाकणारे लेखन यांतला भेद काळाच्या या वापरात आहे. ऐतिहासिक कथनाच्या अभ्यासकांनी तंजावरचा दगड आणि पाँडिचेरीची रोजनिशी एकत्र वाचली पाहिजेत; मराठीवाले एक वाचतात, तमिळवाले दुसरी, आणि दोघांचे संशोधन शेजारी असूनही अनोळखी राहते.

चिटणिसी लेखनाच्या मराठी परंपरेत बाबूरावाचा एक जवळचा सोबती सापडतो. साताऱ्याच्या मल्हार रामराव चिटणिसाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे जवळपास याच सुमारास, छत्रपतींच्या बखरी रचल्या. साताऱ्याचे छत्रपती तेव्हा पेशव्यांच्या देखरेखीत होते. म्हणजे दोन्ही ठिकाणी अधिकार गमावलेला राजा आणि त्याच्या कुळाचा वृत्तान्त लिहिणारा चिटणीस. परंतु मल्हार रामरावाच्या घरावर राजहिंसेचा घाव प्रत्यक्ष पडलेला होता : त्याचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजी महाराजांनी देहान्त शिक्षा दिली होती. संभाजींचे त्याच्या बखरीतील चित्र या आकसाने काळवंडले आहे, असा आक्षेप वा. सी. बेंद्रे यांच्यापासून घेतला जातो आणि तो रास्त आहे. साहित्यदृष्ट्या मात्र या आकसाला एक मोल आहे. शिक्षा झालेल्या माणसाच्या घरचा आवाज राजाच्या बखरीत शिरला, विकृत रूपात का होईना, पण शिरला. तंजावरच्या दगडात असा पाझर कुठेही नाही. बाबूरावाच्या लेखणीत चाकराची व्यथा डोकावत नाही. 'यो एल सुप्रेमो'मध्ये पातिन्योला आपल्याच देहान्ताचा मजकूर धन्याच्या तोंडून उतरवून घ्यावा लागतो. त्या क्षणी लेखनिकाचा हात आणि लेखनिकाची मान एकाच वाक्यात सापडतात. मल्हार रामराव त्या क्षणाच्या जवळपास आहे, बाबूराव फार दूर.

लेख कोरला गेला त्या वर्षाकडे आता वळले पाहिजे, कारण वाचनाची खरी किल्ली तिथे आहे. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने तंजावर घेतले आणि तुळजाजी आपल्याच राजधानीत कैदी झाला. १७७६ मध्ये लॉर्ड पिगॉटने त्याला गादी परत दिली. त्याच वर्षी मद्रासच्या कौन्सिलातील विरोधकांनी खुद्द गव्हर्नर पिगॉटलाच अटक केली आणि पुढच्या वर्षी तो अटकेतच मरण पावला. तंजावरच्या गादीच्या प्रश्नावरून मद्रासमध्ये इंग्रजांचेच सत्तांतर झाले होते, हे लष्करी बंडांच्या इतिहासकारांनीही ध्यानात घ्यावे असे आहे. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाला. १७८७ मध्ये तुळजाजीने दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि तो वारला. पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरवले, कंपनीने अमरसिंहाला गादी दिली. अमरसिंहाच्या अमलात मुलाची कोंडी आणि आबाळ झाली, मिशनरी श्वार्ट्झने तक्रारी केल्या, आणि त्याला मद्रासला हलवावे लागले. पुढे पंडितांचे मत फिरले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसला आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या स्वाधीन करून मोकळा झाला. त्याच्याकडे किल्ला, सालीना एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा उरला. अमरसिंह १८०२ मध्ये तिरुविडैमरुदूरला मरण पावला. त्यानंतर वर्षभरात लेख कोरला गेला.

हा क्रम पाहिला म्हणजे लक्षात येते की लेखातला निश्चयी सूर आणि लिहवून घेणाऱ्याची सत्ता यांचे प्रमाण व्यस्त आहे. शेवटचा प्रतिस्पर्धी मेला आहे, फौज नाही, वसूल नाही. उरली आहे ती वंशावळ. एकच दत्तकविधान पंडितांनी आधी अशास्त्र आणि नंतर सशास्त्र ठरवले, तेव्हा शास्त्राचा निर्णय किती पातळ असतो हे सरफोजीइतके कोणी जाणत नसेल. कागदावरचा निर्णय फिरतो, म्हणून दगड. १८१४ मध्ये नेपोलियनच्या पाडावाच्या स्मरणार्थ त्याने समुद्रकाठी मनोरा बांधला. तिथल्या लेखात त्याने स्वतःला ब्रिटिश सरकारचा मित्र आणि दोस्त म्हणवले आहे. स्वतःच्या मुलखात शिबंदी ठेवण्याची मुभा नसलेल्या राजाने युरोपातील विजयाचा स्तंभ उभारावा, यात कोणाला लाचारी दिसेल. परंतु शब्द हीच ज्याची उरलेली दौलत आहे त्याचा तो हिशेबी खर्चही असू शकतो.

तरीही दगडावरच्या या लेखाला वाचक कोण होता? भाविकांची भाषा तमिळ. कंपनीचा व्यवहार इंग्रजी आणि फारसीत. दरबारातले मराठी कारकून रोजचे लेखन मोडीत करीत. देवनागरी मराठीतील लेख मंदिराच्या भिंतीवर कोरण्यामागे वाचला जाण्याची अपेक्षा दुय्यम होती असे मानणे भाग आहे. त्याचे सामर्थ्य शेजारात आहे. त्याच मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत, आणि १०१० मध्ये पूर्ण झालेल्या मंदिराची सारी प्रतिष्ठा त्यांच्या मागे आहे. नव्या वंशाने जुन्या वंशाच्या दगडाचा आधार घेतला. पण आधार घेताना काय सोडले? राजराजाच्या लेखांत मंदिराच्या सेवेतील चारशे नर्तकींची नावे आहेत, कोणती बाई कोणत्या आळीत कितव्या घरात राहते हे आहे, दिव्याच्या तुपासाठी गुरे सांभाळणारे आहेत. ही काही चोळांची लोकाभिमुखता नव्हे; तोही सत्तेचाच खानेसुमारीचा सोस. तथापि माणसे तिथे नावानिशी आहेत. मराठी लेखात राजे, राण्या, सरदार आणि शत्रू यांपलीकडे कोणाचा पायरव ऐकू येत नाही. हैदरच्या स्वारीने जे उद्ध्वस्त झाले त्यांचा आक्रोश लंडनच्या पार्लमेंटात १७८५ मध्ये बर्कच्या भाषणात घुमला, तोही अर्काटच्या नवाबाच्या कर्जाच्या वादात, साम्राज्याच्या नीतिमत्तेचे माप म्हणून. तंजावरच्या राजघराण्याच्या आत्मकथनाला त्याची गरज भासली नाही.

याचा अर्थ सरफोजीला प्रजा दिसतच नव्हती असा घेतला तर ती मोठी चूक होईल. १८०१ मध्ये त्याने रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला तंजावरच्या छत्रांविषयी पत्र लिहिले. त्या पत्रात सर्व जातींच्या वाटसरूंना मिळणारे अन्न आहे, आजाऱ्यांची शुश्रूषा आहे, पोरकी मुले आणि त्यांचे शिक्षण आहे; छत्रांची उत्पन्ने कंपनीने तोडू नयेत ही त्यातली विनवणी आहे. दोन वर्षांच्या अंतराने एकाच दरबारातून निघालेल्या या दोन मजकुरांची तुलना उद्बोधक आहे. राजा जिथे याचक आहे तिथे माणसे दिसतात. राजा जिथे सार्वभौम आहे, दगडापुरता का होईना, तिथे ती नाहीशी होतात. सार्वभौमत्वाच्या भाषेतच काहीतरी असे आहे की तिच्यात भुकेला माणूस मावत नाही.

ज्यांची नोंद दगडाने घेतली नाही त्यांची नोंद कागदाने घेतली असण्याचा संभव मोठा आहे. सरस्वती महालातील मोडी रुमालांत खर्चाची, नेमणुकांची, औषधपाण्याची, छत्रांच्या धान्याची बारीक नोंद आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक दस्तऐवज तमिळमध्ये आणले. पाराग्वाईत १९९२ च्या डिसेंबरात असुन्सिओनजवळच्या लांबारे येथील पोलीस ठाण्यात स्ट्रोएस्नर राजवटीचे दप्तर सापडले, 'दहशतीचे दप्तर' म्हणून ते ओळखले जाते. अटकेच्या नोंदी, छायाचित्रे आणि शेजारी राष्ट्रांच्या गुप्त पोलिसांशी झालेला पत्रव्यवहार सत्तेने स्वतःच्या सोयीसाठी जपून ठेवला होता. तोच तिच्याविरुद्ध पुरावा झाला. मोडी रुमाल या अर्थाने दहशतीचे दप्तर नव्हेत. परंतु सत्तेची स्तुती करण्यासाठी लिहिलेला मजकूर आणि सत्तेच्या कामकाजात सहज उमटलेला मजकूर यांत विश्वास कशावर ठेवायचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. मोडी वाचणारे विद्यार्थी तयार करणे हे मराठी विभागांचे काम आहे, आणि ते फारच थोड्या ठिकाणी होते.

बाबूरावाने दगडावर जे केले, ते पुढे अर्ध्या शतकाने कायद्याच्या भाषेत तंजावरच्याच बाबतीत घडले. ऑक्टोबर १८५५ मध्ये सरफोजीचा पुत्र शिवाजी निपुत्रिक मरण पावला. कंपनीने राज्य खालसा केलेच, शिवाय शिपाई उभे करून राजवाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरली राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेली आणि मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने कौल दिला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. निर्णयाचा आशय असा की ही जप्ती राज्यकृत्य होती; ते कृत्य न्याय्य होते की अन्याय्य, राजाच्या घरच्यांचे त्यात हित झाले की नुकसान, यावर मत देण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. राज्यकृत्याच्या सिद्धान्ताची चर्चा करताना कायद्याची पुस्तके आजही या खटल्याचा दाखला देतात. चिलीचा १९७८ चा माफीचा हुकूमनामा आणि आर्जेन्टिनाचा १९८७ चा आज्ञापालनाचा कायदा यांनी फार निराळ्या परिस्थितीत आणि फार अधिक रक्ताच्या हिशेबावर जे साधू पाहिले, त्याचे मूळ वाक्य इथे आधीच उच्चारलेले दिसते : कृत्य झाले, ते कोणी केले हेही ठाऊक आहे, पण त्याचा जाब विचारण्याची ही जागा नव्हे.

ज्या घराण्याने आपली हिंसा एका किल्लेदाराच्या आणि एका तोतयाच्या नावे लिहून गादीला निर्दोष ठेवले होते, त्याच घराण्याची विधवा आता गादीपेक्षा मोठ्या अशाच एका निर्दोष कर्त्यासमोर उभी होती. तिच्या दाव्यातील दागिने, शस्त्रे, हत्ती-घोडे, ग्रंथ यांच्या याद्या झाल्या. दगडावर मात्र त्यानंतर एकही ओळ वाढली नाही. बाबूरावाचा लेख १८०३ पाशीच थांबला आहे.